अपशकुनांचे श्लोक

अंबरनाथच्या शाळेत मला लागून दुसरं वर्ष होतं. दहावीच्या मराठीच्या पुस्तकात एका जुन्या आख्यानकाव्यातला मोठा उतारा होता. एक भरलेलं नगर, त्याच्यावर चालून येणारा शत्रू आणि शेवटी नगराची राखरांगोळी. भाषा जुनी, समास लांबलचक. आदल्या वर्षी मी तो उतारा थेट वाचायला घेतला होता आणि मुलं जांभया देत बसली होती. म्हणून या वेळी ठरवलं, आठवडाभर आधी तयारी करून घ्यायची. शब्दांचे अर्थ, वृत्ताची चाल, कथेचा सांगाडा. आणि मग पुस्तक उघडायचं.

उताऱ्याच्या सुरुवातीलाच अपशकुनांचे वीसेक श्लोक होते. नगर पडण्याआधी काय काय दिसलं, काय काय ऐकू आलं, त्याची यादी. मुलांना ते आपलं वाटावं म्हणून मी सोमवारी एक प्रश्न दिला. "घरी विचारून या. काही वाईट घडणार असेल तर तुमच्या घरच्यांना आधी कशावरून कळतं?"

दुसऱ्या दिवशी वर्ग नुसता फुलला होता. कुणी मांजर सांगितलं, कुणी टिटवी. बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरून येणारा एक मुलगा एरवी तोंड उघडत नसे, तो उठून म्हणाला, "बाई, खेकडं घराच्या भिंतीवर चढाया लागली का आमी भांडी वर बांधतो. पूर येनारच." कारखान्यातल्या एका साहेबांची मुलगी म्हणाली, "भोंगा दोन मिनिटं जरी उशिरा वाजला ना, तरी आई हातातलं टाकून दारात येते." वर्ग हसला नाही. निम्म्या मुलांचे वडील त्याच कारखान्यात होते.

मग मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तिथे वर्गातली एकुलती एक सिंधी मुलगी बसायची. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीतून रोज चालत येत असे. तिच्या भागातली मुलं सिंधी शाळेत जात. हिच्या वडिलांचं म्हणणं, आता इथेच राहायचं तर इथली भाषा पक्की पाहिजे. तिचं मराठी लिंगांत आणि क्रियापदांत अडखळायचं, पण ती थांबत नसे.

"तुझ्या घरी काय म्हणाले?"

ती उभी राहिली. "बाई, आमच्याकडे असा काही नाही झाला. कुत्रा नाही रडला. फक्त दूधवाला आला नाही."

"म्हणजे?"

"तिकडे, गावात. तीन दिवस आला नाही. आजोबा बोलले, बीमार असेल. चौथ्या दिवशी आम्ही घर सोडला."

ती खाली बसली. मी फळ्याकडे वळून समासांचे विग्रह लिहायला लागले.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी अर्धी शाळा असायची, ती सुटल्यावर मी तिच्या घरी जायला निघाले. त्याआधी मी कॅम्पात कधी गेले नव्हते. लष्कराच्या जुन्या बराकी, लांबच लांब, आणि एकेका बराकीत गोणपाटाचे पडदे लावून केलेली दहा-बारा बिऱ्हाडं. एरवी तिथे पापड वाळत घातलेले असतात, शिवणयंत्रांची घरघर असते असं ऐकलं होतं. त्या दिवशी पापड नव्हते. यंत्रं बंद होती. बायका दारात उभ्या होत्या आणि मी जवळ गेले की बोलणं थांबवत होत्या. तीन दुकानांना फळ्या लावलेल्या दिसल्या.

मुलगी मला पाहून बाहेर आली. आत तिचे आजोबा पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते. अंगात कोट, पायांत बूट, मांडीवर टोपी. भोवती गाठोडी बांधून ठेवलेली.

"काय झालं गं?"

"दूधवाला आला नाही," ती म्हणाली. "बुधवारपासून."

तेवढ्यात तिचे वडील आले. दमलेले दिसत होते. म्हणाले, "मुलीने तुमचा सवाल घरी सांगितला. त्या दिवसापासून बाबा गप्प. बुधवारी दूधवाला भैया आला नाही, तर उठले आणि सामान बांधायला लागले. शेजारच्यांनी पाहिलं. आता अर्धी बराक बांधून बसली आहे. कुठे जायचं, कुणाला माहीत नाही."

मी आजोबांपुढे वाकून म्हणाले, "बाबा, तो आजारी असेल हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटी, वहाँ भी हमने यही कहा था."

कविता सोपी व्हावी म्हणून विचारलेला एक प्रश्न, आणि ही माणसं बूट चढवून बसली होती.

"तो राहतो कुठे?" मी वडिलांना विचारलं.

"शहाडच्या बाजूला कुठेतरी तबेला आहे."

"मग जाऊन कुणी पाहिलं का?"

कुणीच गेलं नव्हतं. जाऊन काय दिसेल, याचीच सगळ्यांना भीती होती. मलाही होती. तरी आम्ही दोघांनी टांगा केला. वाटेत मी रस्त्यावरची माणसं न्याहाळत होते, कोण घाईत आहे, कोण मागे वळून बघतं आहे. एक माणूस धावत गेला तर मी टांग्याची कड घट्ट धरली.

तबेल्यात शिरलो तेव्हा आधी वास आला. दोन म्हशी आडव्या पडल्या होत्या, गळे सुजलेले. घटसर्प. तिसरीच्या तोंडाशी दूधवाला पाण्याचं घमेलं धरून बसला होता. चार दिवसांत दाढी वाढलेली, डोळे लाल. आम्हाला पाहून म्हणाला, "दूध कहाँ से लाऊँ, सेठ? किस मुँह से आऊँ?"

मुलीच्या वडिलांनी तिथेच भिंतीला हात टेकले आणि ते रडायला लागले. दूधवाला गोंधळला. त्याला वाटलं, म्हशींसाठीच रडतायत.

आम्ही त्याला टांग्यात घालून बराकीत आणलं. लोक भोवती जमले. आजोबांनी त्याला जवळ बोलावलं, त्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, "तू जा रहा है, कि रह रहा है?"

"मैं कहाँ जाऊँगा, बाबा?"

आजोबांनी बूट काढले. संध्याकाळपर्यंत बराकीत पुन्हा चुली पेटल्या.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. "बाई, ते वीस श्लोक गाळा. परीक्षेला येत नाहीत." मी हो म्हटलं. मला सुटल्यासारखं झालं होतं. पण वर्गात जाऊन तसं सांगितल्यावर शेवटच्या बाकावरून हात वर आला.

"गाळू नका, बाई. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, सगळा एकदम झाला."

मग मी ते तिलाच वाचायला लावले. तिचे उच्चार चुकत होते, वृत्त जागोजागी मोडत होतं. कुणी दुरुस्त केलं नाही, मीही नाही. कारखान्याच्या साहेबांची मुलगी पुस्तकावर दोन्ही हात ठेवून बसली होती. पाड्यावरचा मुलगा खिडकीबाहेर बघत होता. तो तास संपला तेव्हा घंटा झाल्यावरही कुणी लगेच उठलं नाही. पुढे बारा वर्षं मी तो उतारा शिकवला, पण तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

मुलगी शाळेतून बाहेर पडल्यावर टायपिंग शिकायला लागली. दोन वर्षांनी एकदा माझ्या घरी आली, आजोबा गेल्याचं सांगायला. शेवटच्या वर्षी ते तिच्याकडून मराठी शिकत होते म्हणे. रोज दुपारी ती त्यांना तेच आख्यान अर्थासकट वाचून दाखवायची. बाजारपेठेचं वर्णन, देवळं, बागा, सगळं ते लक्ष देऊन ऐकत. शत्रू वेशीपाशी आला की हात वर करून तिला थांबवत आणि म्हणत, "बस. उद्या पुन्हा पहिल्यापासून."