वर्गात आकडी आली तेव्हा

आठवीत गणिताच्या सरांचा सगळ्यात जास्त मार मी खाल्ला. त्यातला बराचसा मला आठवतच नाही.

फळ्याकडे बघता बघता मी मध्येच थांबायचे. डोळे उघडे, हातात पेन, आणि आत कुणी नाही. परत भानावर यायचे तेव्हा सर बाकाशेजारी उभे असायचे आणि माझ्या तळहाताची आग होत असायची. मधल्या वेळात काय झालं, ते शेजारी बसणारी मैत्रीण सांगायची. ती आमच्याच वाडीतली. "सर हाका मारत व्हते गो. तू बघतच नव्हतीस. मंग मारलान तुला."

सर घाटावरचे, अंगानं दांडगे. निरगुडीची छडी ते स्वतः तोडून आणायचे. "मुजोर आहेस तू," ते म्हणायचे. "छडी बसते तरी पापणी हलत नाही." मला वाटायचं, असेनही मी मुजोर. घरी सांगायची सोय नव्हती. शाळेत मार खाल्ला म्हटलं की घरी दुसरा बसायचा.

आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात, आणि शाळा खाली रस्त्याला लागून. त्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर बीजगणित चाललं होतं. सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. मी खडू उचलला एवढंच मला माहीत आहे. पुढचं सगळं मैत्रिणीनं नंतर सांगितलं. एका दमात नाही, बरेच दिवस थोडंथोडं.

मी विचित्र आवाजात ओरडले आणि सरळ मागे पडले. डोकं फरशीवर आपटलं. सरांना आधी वाटलं, मार चुकवायला नाटक करते. त्यांनी वाकून माझ्या थोबाडीत एक दिली. मग माझे हातपाय झटके द्यायला लागले, डोळे पांढरे झाले, आणि सर घाबरले. एवढा मोठा माणूस घाबरलेला वर्गानं पहिल्यांदाच बघितला. "धरा, धरा तिला!" ते ओरडले. चार मुलगे माझ्या हातापायांवर बसले. मी झटके देतेय आणि ते जीव खाऊन दाबतायत. कुणीतरी चप्पल काढून नाकाला लावली. शिपाई खिचडीच्या खोलीतून लोखंडी चमचा घेऊन धावत आला. दातखीळ बसली होती. सरांनी गुडघा माझ्या छातीवर टेकवला आणि चमचा दातांत घालून पिरगळला. समोरचा दात मोडला. मैत्रीण म्हणाली, त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आला. मग तोंडात पाणी ओतलं, ते नाकातून लाल होऊन बाहेर आलं.

मला जाग आली तेव्हा माझ्यावर माणसं होती. कुठे आहे, ही कोण आहेत, काही कळेना. तोंड रक्तानं भरलेलं, एक खांदा जागेवर नाही, आणि सगळे मला दाबतायत. मी जवळचा हात धरला आणि दात रुतवले. तो सरांचा होता. मांस तुटेपर्यंत सोडला नाही म्हणे.

मला उचलून व्हरांड्यात आणलं. शाळेसमोर एक टपरी होती. पांढऱ्या शर्टावर पुढून सगळं रक्त आहे, एवढंच टपरीवाल्याला दिसलं. त्यानं माझ्या वडिलांना फोन लावला: "तुमच्या पोरीला मास्तरानं मारून मारून बेशुद्ध पाडलीन."

बाबा गोठ्याच्या छपराला टेकू द्यायला नवीन मेढी बसवत होते. हातातला दांडा खाली न ठेवताच ते काकांच्या मोटारसायकलवर मागे बसले.

मुख्याध्यापकांनी मला आणि मैत्रिणीला ऑफिसात बसवलं होतं. खिडकीतून मैदान दिसायचं. बाबा आले, आणि काय झालं हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही. सर त्यांच्याकडेच चालत येत होते, हाताला रुमाल गुंडाळलेला. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला. दुसरा कानावर. सर गुडघ्यावर आले. काकांनी मागून लाथ घातली. सरांनी हात उचलला नाही. ते फक्त ओरडत होते, "अहो, जीभ गिळली असती तिनं! ऐका, जीभ गिळली असती!"

मी खिडकीच्या गजाला धरून "बाबा, नको" असं ओरडले. पण जीभ सुजून तोंडभर झाली होती, शब्द फुटला नाही. नुसता एक घोगरा आवाज बाहेर पडला. बाबांनी तो ऐकला. त्यांना वाटलं, पोरगी वेदनेनं ओरडते. त्यांनी आणखी मारलं.

शेवटी रस्त्यावरच्या माणसांनी त्यांना मागे ओढलं. सरांच्या कानातून रक्त येत होतं. मुलं भिंतीला चिकटून उभी होती, त्यांतली काही रडत होती. आपली बाजू घेऊन कुणी भांडलं तर बरं वाटतं म्हणतात. मला त्या दिवशी बाबांची भीती वाटली. ती पुढे बरीच वर्षं गेली नाही.

पोलीस पाटील मध्ये पडले, संस्थेची माणसं आली. सरांनी तक्रार करायची नाही, बाबांनीही करायची नाही. पण असली मुलगी शाळेत नको, घरीच ठेवा. दोन्हीकडून मिटलं, आणि मी घरी राहिले.

महाडच्या डॉक्टरांनी खांदा जागेवर बसवला. तोंड उघडून बघितलं आणि ते बाबांवर भडकले. "हा दात आकडीनं नाही मोडला. माणसांनी मोडलाय. जीभ कुणी गिळत नसतं. खांदाही दाबून धरल्यामुळे निखळलाय." मग त्यांनी मला विचारलं, आधी कधी असं व्हायचं का? मी ते मध्येच थांबण्याचं सांगितलं. तीही आकडीच, ते म्हणाले. छोटी असते, माणूस पडत नाही, पण त्या वेळी त्याला ऐकू येत नाही, दुखतही नाही.

बाबा म्हणाले, "म्हंजे ती मस्ती नव्हती तर." घरीही त्यांनी मला अशी थांबलेली असताना मारलं होतं. ते मलाही तेव्हाच कळलं.

गोळ्या सुरू झाल्या. लावणीपासून कापणीपर्यंत मी घरी होते. मैत्रिणीला तिच्या घरच्यांनी माझ्याकडे यायला बंदी केली. काकी पाण्याला जाताना दारातून ऐकवायची, "हिला कोण पदरात घेनार गो?" घरातही दोनदा मोठी आकडी आली. आई दरवेळी मला धरून बसायची. डॉक्टरांनी धरू नका म्हटलं होतं तरी तिचे हात राहायचे नाहीत. नंतर ती माझे दंड, पाठ, तोंड तपासायची. आपल्याच बोटांचे वळ बघून रडायची.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या हिला शाळेत न्हेते मी."

"तो मास्तर मारून टाकील तिला," बाबा म्हणाले.

"आनी हितं बसून काय जगते ती?"

बाबांनी समोरचं ताट उचलून तिच्या तोंडावर मारलं. भात सगळीकडे उडाला. आईचा ओठ फाटला. ती उठली, चुलीपाशी जाऊन तोंड धुतलं, आणि माझ्या पानात पुन्हा भात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला ओठ पदरानं झाकून ती मला घेऊन खाली उतरली.

मुख्याध्यापकांनी आम्हाला व्हरांड्यातच थांबवलं. "उद्या काही झालं तर जबाबदारी कोण घेणार? परत माझ्या मास्तरांनी मार खायचा?"

तेवढ्यात सर वर्गातून बाहेर आले. एका कानात कापूस. ऐकताना ते आता अख्खं तोंड वळवायचे. त्यांनी आधी आईच्या ओठाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्या वर्गात बसू द्या तिला," ते म्हणाले.

"अजून हौस फिटली नाही का तुमची?" मुख्याध्यापक म्हणाले.

"कान दाखवायला मी महाडला गेलो होतो. ज्यांनी हिचा खांदा बसवला, त्याच डॉक्टरांकडे. काय करायचं, काय नाही, सगळं विचारून आलोय." मग ते आईकडे वळले. "बाई, मी चमचा घातला तो तिचा जीव जाईल म्हणून. मला दुसरं काही माहीत नव्हतं."

"आनी छडी?" आईनं विचारलं.

सर जमिनीकडे बघत म्हणाले, "तेही माहीत नव्हतं."

"मायीत नाय तर येवढं मारायचं असतं काय?"

उत्तरासाठी आई थांबली नाही. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला वर्गात ढकललं.

त्याच तासाला सर फळ्यासमोर फरशीवर आडवे झाले. एवढं मोठं धूड, सदऱ्याला खडूची भुकटी. "मी पडलोय," ते म्हणाले. "आता बाक सरकवा. मला धरू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ द्या. थांबलं की कुशीवर वळवा." सहा जणांनी मिळून त्यांना वळवलं. पोरं खिदळायला लागली. सर पडल्यापडल्याच ओरडले, "तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही! एकानं घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची." मग उठून कपडे झटकत हळू आवाजात म्हणाले, "कधी कधी कपडे ओले होतात. अशा वेळी मुलग्यांनी बाहेर जायचं. त्यावर कुणी हसलं तर माझ्याशी गाठ आहे."

तरी हसलेच. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा मैदानात आडवा पडला, डोळे फिरवले, तोंडातून खिचडीचा फेस काढला आणि पाय झाडायला लागला. मागे माझ्या पायावर बसलेल्यांतलाच हा. भोवती घोळका जमला. मी कंपासपेटी घेऊन त्याच्या छातीवर बसले आणि त्याच्या तोंडावर मारत सुटले. पत्र्याचं झाकण वाकलं. त्याची भुवई फुटली. मला थांबायचंच नव्हतं. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. तेवढे महिने माझ्या अंगात जे साठलं होतं, ते त्याच्या तोंडावर उतरत होतं.

सरांनी मला कमरेला धरून उचललं. मी सवयीनं हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, आणि आम्हा दोघांना नळावर नेलं. "धर, दाबून धर," म्हणत रुमाल माझ्या हातात दिला. मी त्या मुलाच्या भुवईवर रुमाल धरून उभी राहिले. तो हुंदके देत म्हणाला, "तेव्हा सरांनीच सांगितलं व्हतं धरायला." मी म्हटलं, "ठाव हाय."

नंतरची आकडी थंडीत आली, विज्ञानाच्या तासाला. तेव्हा वर्गावर चित्रकलेचे सर होते, बदली तास घ्यायला आलेले. मी पडले. मुलांनी बाक ओढले, मैत्रिणीनं ओढणीची घडी डोक्याखाली सारली. चित्रकलेच्या सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते माझे हात धरायला धावले. पोरं ओरडली, "सर, धरू नका!" त्यांना वाटलं, पोरं आगाऊपणा करतायत. त्यांनी दोघांना फटकावलं आणि माझी मनगटं पकडली. गणिताचे सर शेजारच्या वर्गातून आले. त्यांनी काही न बोलता चित्रकलेच्या सरांची कॉलर धरली आणि त्यांना ओढत व्हरांड्यात नेलं. तिथे चित्रकलेच्या सरांनी गणिताच्या सरांच्या तोंडावर ठोसा मारला. गणिताच्या सरांनी त्यांना खांबावर आदळलं.

मला जाग आली ती बाहेरच्या हाणामारीच्या आवाजानं. बाबा आले की काय, असं वाटून मी दचकले. पण अंगावर कुणी नव्हतं. मी कुशीवर होते. वर्गात फक्त मुली होत्या. फुटक्या भुवईचा तो मुलगा दारात पाठमोरा उभा राहून घड्याळ बघत होता. "थांबली?" त्यानं न वळता विचारलं. "थांबली," मैत्रीण म्हणाली.

गणिताचे सर आत आले तेव्हा त्यांचा खालचा ओठ फुटला होता. "झोप अजून थोडी," ते म्हणाले. "घाई नाही."

संध्याकाळी मी माझ्या पायांनी डोंगर चढले. मैत्रीण सोबत होती, घरच्यांना न सांगता. आईला सांगितलं, आज वर्गात आकडी आली. तिनं हातातलं सूप टाकलं. मला उजेडात ओढून माझे दंड बघितले, पाठ बघितली, जबडा धरून तोंड उघडलं, जीभ बाहेर काढायला लावली. पुन्हा दंड बघितले.

"खरंच आली व्हती?" तिनं विचारलं.

दोन्ही सरांना संस्थेची ताकीद मिळाली. मग मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना एकत्र बोलावून डॉक्टरांचं सांगणं ऐकवलं, शिपायालाही बसवलं. शाळेत मारामारी झाली म्हणून ते झालं, माझ्यासाठी नव्हे. मी दहावी तिथूनच पास झाले.

बाबांनी सरांची माफी कधी मागितली नाही. एकदा महाडच्या बाजारात त्यांनी सरांना मागून हाक मारली. सर पुढे निघून गेले. बाबा घरी येऊन चिडले, "हाक मारली तर बघत पन नाय!" मी म्हटलं, "बाबा, त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही." ते जेवायला बसले नाहीत. आईवरचा त्यांचा हात मात्र त्यानंतरही लगेच थांबला नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ मोठे होऊन मध्ये उभे राहायला लागलो, तेव्हा थांबला.

मी आता महाडला एका औषधाच्या दुकानात काम करते. आकडी क्वचितच येते. कामावर लागले त्या दिवशीच मालकांना आणि बरोबरच्यांना सगळं सांगितलं. एक जण म्हणाला, "असं नुसतं बाजूला उभं राहवत नाही हो माणसाला." मी म्हटलं, "माहीत आहे. तरी राहा."