देवीने परत केलेलं वन

खिमुली देवी, पती कै. धनसिंह, राहणार वरची वस्ती. सदर महिलेने शासकीय डोंगरउतारावर विनापरवाना बांज जातीचे ओकवृक्ष लावल्याचे निदर्शनास आले आहे. सबब सदर महिला अतिक्रमणकर्ती ठरते.

झाडं पुरुषभर उंच होईपर्यंत ती कोणाच्या निदर्शनास आली नव्हती. खिमुलीला हवं होतं ते एवढंच, की म्हशीच्या पाल्यासाठी डोंगरापलीकडे जावं लागू नये. पौषात गळलेली बांजाची फळं ती वेचायची आणि पाण्यात टाकायची. तरंगली ती किडकी. बुडाली ती लगेच मातीत, कारण हे बी सुकलं की मेलं. वर काटेरी फांद्या, नाहीतर साळिंदर उकरतं. कोंब आले तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिने वन दहा वर्षांसाठी देवीला वाहिलं. देवीच्या वनात कोयता चालत नाही; वाहणारीचाही नाही. तेवढी वर्षं ती डोंगर चढत राहिली. या चैत्रात मुदत संपली. तिने नारळ फोडला, वन परत घेतलं, कोयत्याला धार लावली. आणि नोटीस आली.

घेऊन आला तो वनरक्षक बचीसिंह, गावातलाच.

"काकी, दंड भर अन् मोकळी हो."

"भरते की. झाडं मी लावली असं लिहिलंय ना त्यात?"

"लिहिलंय."

"मग आण इकडे. अंगठा देते."

अंगठ्याची शाई वाळते न वाळते तोच डेहराडूनहून तपासणी येणार असल्याचं कळलं. शेजारच्या उतारावर खात्याने जे लावलं होतं, त्यातला फलक तेवढा जगला होता. बचीसिंहाच्या साहेबांनी बांजांकडे एकदा नीट पाहिलं. नोटीस रद्द झाली, आणि फलक उपटून खिमुलीच्या वनात रोवला गेला.

भर बाजारात तिने बचीसिंहाला गाठलं. "बच्या, माझी नोटीस कुठाय?"

"रद्द झाली, काकी. आता तू निर्दोष."

"कोणी सांगितलं होतं मला निर्दोष करायला? गुन्हा मी केला, तो साहेबाच्या नावावर कसा चढला रे? देवीसुद्धा मुदत संपल्यावर वन परत देते. तुझ्या साहेबाची मुदत कधी संपते?"

"त्यांची बदली होते, काकी. मुदत नसते."

फलकावर आता लिहिलंय : 'लोकसहभागातून विकसित वन. पाला तोडण्यास सक्त मनाई.' भोवती तारेचं कुंपण आहे.

खिमुली पाल्यासाठी डोंगरापलीकडे जाते.