चाचांची सुरी

आमच्या यांना वस्तू पारखून घ्यायचा भारी नाद, आणि पारख शून्य. कलिंगड असो की कंदील, हे आधी टिचकी मारून आवाज ऐकायचे, मग चकाकी बघायचे आणि दुकानातलं सगळ्यात निकामी ते नेमकं उचलून आणायचे. मलाही त्यांनीच पसंत केलं होतं, म्हणून या विषयावर मी फार बोलत नसे.

पनवेलला तेव्हा रेल्वे यायची होती. मोटार स्टँडवरून बंदराकडे किंवा बाजारात जायचं तर टांगा, आणि त्यातला एक आमचा. घोडा म्हातारा झालेला, त्यामुळे सगळा भार तरण्या घोडीवर. दोघांचे खूर तासून नाल ठोकायला मोहल्ल्यातले नालबंद चाचा महिन्या-दीड महिन्याने दारात येत. त्या वर्षी त्यांनी सांगितलं की नजर मंदावली, आता उरणला लेकीकडे जाऊन राहणार. दुसरा नालबंद थेट कल्याणला. यांनी लगेच जाहीर केलं की आपल्या घोड्यांचं आपण बघू, त्यात काय मोठं.

चाचांनी आपली हत्यारं देऊ केली. मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या, पाती झिजलेली. यांनी नाक मुरडलं आणि मुंबईला जाऊन नवी कोरी हत्यारं आणली. हातोडा असा, की बंदराचा धक्का फोडता आला असता. कानस सुताराची, रापी चांभाराची, आणि एक पकड, तिच्यावर फुलं कोरलेली. ती फुलं त्यांनी शेजाऱ्यांनाही दाखवली.

पहिला प्रयोग घोडीच्या पुढच्या पायावर झाला. रापी घसरत होती, म्हणून जिथे लागली तिथे कापलं. कानशीचे दात खुराच्या भुग्याने बुजले. हातोड्याखाली चार खिळे वाकले, पाचवा आत गेला. घोडी मान वळवून त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा तो भाव मी रोज जेवणाच्या वेळी सासूबाईंच्या तोंडावर बघत असे.

ते माझ्या हातामुळे. मी डावखुरी. वाढताना पळी उजव्या हातात धरावी लागे आणि आमटी ताटाऐवजी पाटावर पडे. आधी आई, मग सासू, दोघींच्या धाकाने मला डावा हात पदराखाली ठेवायची सवयच लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडी पाय टेकेना. मग मात्र माझं हसू पळालं. ती अधू झाली तर टांगा उभा, आणि टांगा उभा म्हणजे चूल बंद. शिवाय माझा तिच्यावर जीव होता. हे न्याहारी टाकून तिच्या पायाशी बसून राहिले. चाचांचा उरणचा मचवा दुपारच्या भरतीला सुटणार होता. मी पदर खोचला, मोहल्ल्यात गेले आणि त्यांना घेऊन आले.

चाचांनी नाल उपटला. खिळा आतल्या जिवंत भागाला टेकला होता, रुतला नव्हता. खूर नीट सपाट झाला तर घोडी चालेल, आणखी एक खिळा असा गेला तर तिला टांग्याला जुंपायचं विसरा, असं त्यांनी सांगितलं. मग यांची हत्यारं एकेक हातात घेतली. हातोडी हलकी हवी, तरच खिळा ऐकतो. कानस मोठ्या दातांची हवी. सुरीचं टोक आत वळलेलं हवं. पकडीकडे बघून ते फुलं छान आहेत एवढंच म्हणाले.

त्यांना स्वतःला आता खूर धड दिसत नव्हता. त्यांनी आपली सुरी यांच्या हातात दिली. यांनी दोनदा ओढली, दोन्ही वेळा निसटली. सुरी बोथट आहे, असं यांनी ठरवून टाकलं. बोथट नव्हती. तिचं टोक उलट्या बाजूला वळलेलं होतं, कारण चाचाही डावखुरे होते. इतकी वर्षं ओटीवर भाजी निवडताना मी ते बघत आले होते आणि मनातल्या मनात सुखावत होते.

"द्या इकडं," मी म्हणाले.

नऊवारीचा काष्टा या कामासाठीच शोधला असावा. पाय गुडघ्यांत धरला, चाचा बोटाने चाचपून जागा सांगत गेले, आणि काकडीच्या सालीसारखी खुराची पातळ साल निघत गेली. माझा डावा हात पहिल्यांदाच चारचौघांत उघडपणे काम करत होता. ते दुखरं भोक सोडून बाकीचे खिळे यांनी चाचांच्या हातोडीने ठोकले, चाचांनी बोट ठेवलं तिथेच.

निघताना चाचांनी सुरी परत घेतली नाही. "बेटी, तीस सालं ही दुसऱ्या कुनाच्या हाताला चालली नाय," ते म्हणाले. "तुजी हाय ती. आता मी बेफिकीर जातो."

चार दिवसांनी घोडी टांग्याला लागली आणि रस्त्यावर चारी टापा सारख्या वाजल्या. खुरांचं काम आम्ही घरीच करतो, असं यांनी स्टँडवर ऐटीत सांगितलं. आम्ही म्हणजे कोण, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या दुपारी हे जेवायला बसले. सासूबाई समोरच होत्या. मी सवयीने पळी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. यांनी मान वर न करता ताट पुढे केलं.

"त्याच हातानं वाढ," म्हणाले. "घोडीची तक्रार नाय, माजी कशाला?"

मी पळी पुन्हा डाव्या हातात घेतली. पण डोळे इतके भरून आले होते की ताटच दिसेना, आणि आमटी त्या दिवशीही पाटावर पडली.