देवीच्या नावाचं पाणी

विसर्जनाच्या सकाळी मी कानबाई देवीसमोर हात जोडले, ते भक्तीने नव्हे. मनातल्या मनात तिला सरळ विचारत होते, माझे पाय घेऊन तुला काय मिळालं? लग्न होऊन या घरात आल्यापासून दर श्रावणात तिच्या नैवेद्याचा रोट मी केला. पुरणपोळ्या लाटल्या, रात्रभर गाणी म्हटली. मोठी सून म्हणून विसर्जनाला तिचा चौरंग डोक्यावर घेऊन नदीपर्यंत मीच नेत आले. यंदा तो मान धाकट्या जावेला दिला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूचा निरोप नसांमधून पायांपर्यंत नीट पोचत नाही, असं सुरतच्या डॉक्टरांनी समजावलं. गावात सगळे त्याला नसांचं दुखणं म्हणतात आणि उपाय ज्याला त्याला ठाऊक असतो. कुणी ताईत आणला, कुणी मेथीचे लाडू. एका नातेवाईक बाईंनी तर माझ्या मागच्या जन्माची पापंच काढली. वर ऐकवतात, दिसायला तर धडधाकट आहेस! हो, दिसते. पायाला भरलेल्या मुंग्या दिसत नाहीत. दुपारी भाजी निवडायचंही त्राण उरत नाही, तेही दिसत नाही. आणि ऊन लागलं की पाय माझे राहतच नाहीत.

त्या दिवशी पावसाने उघडीप दिली होती आणि उन्हाचा चटका बसत होता. चौरंग उचलण्याआधी जाऊ माझ्याजवळ आली.

"ताई, मांगे रिक्षा शे, तिमा बठा. ऊन कितलं शे!"

"मी पायीच येसू," मी तोडून टाकलं. "कोनी मन्हा हात धरू नका."

मान गेला तो गेला, निदान देवीच्या मागे स्वतःच्या पायांनी नदीपर्यंत जायचं, एवढाच माझा हट्ट होता.

थोडं अंतर निभावलं. पुढे वाजंत्री, फुगड्या चालल्या होत्या. दारोदारी बाया पाणी घेऊन उभ्या होत्या, कारण कानबाई जिच्या डोक्यावर असते तिच्या पायांवर पाणी घालायची आमच्याकडे रीत आहे. मग माझे पाय जड झाले, डोळ्यांपुढे धुरकट दिसू लागलं आणि मी झोकांडी खाल्ली. मागून कुणीतरी हसलं, "पिईसन उनी का काय?"

मला दारू प्यालेली ठरवलेलं ऐकून इतका संताप आला की खडसावायला मी गर्रकन वळले आणि एका घराच्या ओट्यावर कोसळले. मिरवणूक पुढे निघून गेली. मी रडत होते, आणि ते रडणं रागाचं होतं. तोंडाला येईल ते देवीला बोलले.

तेवढ्यात त्या घरातून एक म्हातारी भरली कळशी घेऊन, गुडघ्यावर हात ठेवत बाहेर आली. तिला मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कानबाई तं पुढं गयी," ती म्हणाली. "देवीना नावनं पाणी आते घरमा कसं लयी जाऊ?"

आणि मला काही कळायच्या आत तिने सगळी कळशी माझ्या डोक्यावर रिती केली. शेवटची धार पायांवर सोडली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी गार पाण्यात निथळत बसून राहिले. हळूहळू डोळ्यांपुढचा धूर ओसरला. पाय पुन्हा कळू लागले. डॉक्टर म्हणतील, अंग थंड झालं की नसांना जरा बरं वाटतं. ते मलाही माहीत आहे. मी भिंत धरून उठले आणि नदीच्या वाटेला लागले.

काठावरचा उतार मात्र निसरडा होता. खाली जाऊ चौरंग घेऊन थांबलेली दिसली. तिने विसर्जन केलंच नव्हतं, माझी वाट पाहत होती.

"हात दे," मी म्हणाले.

तिने चौरंग शेजारच्या बाईकडे दिला आणि वर आली. "आठे पाय ठेवा, ताई."

दोघींनी मिळून कानबाईला पाण्यात सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तसेच होते. रागही आहे, खोटं कशाला बोलू? त्या म्हातारीचे आणि जावेचे उपकार मात्र विसरणार नाही. पुढच्या वर्षी मी मुकाट्याने रिक्षात बसेन. आता देवीजवळ बरं कर म्हणून मागत नाही. एवढंच म्हणते, तुझ्या नावाचं पाणी माझ्यावर पडलंय, माय. ते परत घरात नेत नाहीत. आता तूच बघ मला कुठे न्यायचं ते.