पाहुण्यांना जीपमधून उतरवणाऱ्या मॅडम

वाघमारे मॅडम मला प्रथम नांदेडच्या संगणक प्रयोगशाळेत भेटल्या, असं मी महाविद्यालयाच्या स्मरणिकेत लिहिलं होतं. ते चूक आहे. त्याआधी एका येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, त्या जीपभर पाहुण्यांसह रेणापूरजवळच्या आमच्या शेतात अचानक आल्या होत्या. इतक्यांना जेवण पुरेल का, म्हणून मी घाबरले. बाबा म्हणाले, "येळवशीला मोजून बोलवतेत का कुठं? बसव पंगतीला."

अंक मला बाबांनीच घरी शिकवले. उत्तर दोनदा तपासायची सवयही त्यांचीच. माझ्यात मात्र त्या सवयीची चुकण्याची भीती झाली.

नांदेडला मॅडमच्या वर्गात मी पायथन या संगणकाच्या भाषेत सोयाबीनच्या ओलाव्याची सरासरी काढणारं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला. कुणाचे दोन नमुने, कुणाचे सात. म्हणून फंक्शनच्या व्याख्येत, आकडे घेणाऱ्या नावाआधी स्टार (*) दिला, म्हणजे कितीही आकडे सुटे सुटे देता यावेत. पण आकड्यांची अख्खी यादी त्याला दिली, तर एरर! दुसऱ्या दिवशी उदगीरच्या बाजारात अडतीवर ते शेतकऱ्यांसमोर चालवायचं होतं.

"मला जमणार न्हाई, मॅडम. माझं नाव काढा."

मॅडम विद्यार्थ्याच्या कीबोर्डला कधीच हात लावत नाहीत. हात पाठीमागे बांधून त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. "अगं बाई, पंगत लांब केलीस, पण पाहुण्यांना जीपमध्येच बसवून वाढून राहिलीस! फंक्शनला अख्खी यादी एकच पाहुणा वाटतीय. उतरव की त्यांना!"

"कसं?"

"फंक्शनला हाक मारतानाही यादीआधी स्टार दे. दाब, तूच दाब."

दाबला. यादी सुटली, एकेक आकडा वेगळा पोचला, सरासरी आली!

उदगीरला एका शेतकरी काकांनी विचारलं, "माझे दोनच नमुने हायेत, चालतंय का?" "चालतंय, काका," मी म्हणाले. दोन चालले, सात चालले, पुढच्यांचे त्याहून जास्तही चालले. प्रत्येक उत्तर मी हातानं पडताळलं. एकही चुकलं नाही. टाळ्या वाजल्या, त्यात मागून मॅडमचा आवाज सर्वांत मोठा: "लई भारी, पोरी!"

पुढे मॅडम लातूरला मुलींना शिकवू लागल्या. तिथला वर्ग सुटला, की शेवटच्या मुलीची बस हलेपर्यंत मॅडम स्टँडवर उभ्या असत. आता साठाव्या वर्षी त्या निवृत्त होत आहेत. रेणापूरला मुलींसाठी संगणकाचा नवा वर्ग मी चालवावा, असं त्यांनी सुचवलं, तेव्हा मी "विचार करून सांगते" म्हणाले होते.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पाठीमागे बांधलेले ते हात आमच्या पाठीशी राहोत. आणि माझं उत्तर इथेच देते. येत्या येळवशीला मॅडमनी आमच्या शेतात जेवायला यावं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रेणापूरला पहिला वर्ग घेणार आहे. किती मुली येतील, हे मी विचारलेलं नाही.