टेकू काढायचा दिवस

शिंपीणकाकूंचा एक हट्ट होता. कापड पाण्यातून काढल्याशिवाय त्याला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, कापड केवढंही भारी असो. "आटायचं ते माझ्या घरी आटू दे, तुझ्या अंगावर नको," असं तोंडावर सांगायच्या. अशी ही बाई सोसायटीची सेक्रेटरी कशी झाली? तर दिवसभर घरी असते म्हणून. बाकीच्यांना वेळ नव्हता, आणि ज्यांना वेळ होता त्यांना अध्यक्ष व्हायचं होतं.

इमारतीच्या बाल्कन्या दुरुस्तीला आल्या तेव्हा दोन ठेकेदार येऊन गेले. पहिला आला तोच हातोडी घेऊन. रामराम नाही, शामराम नाही, थेट भिंत ठोकायला लागला. पहिल्या मजल्यावर काकूंच्या नवऱ्याची आत्या राहायची. आत्याबाईंच्या बाल्कनीखाली त्याने गिलाव्याचं ढेकूळ पाडलं आणि म्हणाला, "आतल्या सळ्या बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. आणि तुमच्याकडून कामावर नजर कोण ठेवणार, ते आधी सांगा."

"मेल्या, आधी ते ढेकूळ उचल!" आत्याबाई वरून ओरडल्या. त्याचं नाव खडूस पडलं ते तिथंच.

दुसरा हसरा. चहा घेतला, बशीसुद्धा पुसून ठेवली. अध्यक्ष म्हणाले, लवकर उरका. हो. वरच्या सूनबाई म्हणाल्या, धूळ नको. हो. आत्याबाई म्हणाल्या, मी बाल्कनीतून उठणार नाही. तर म्हणे, "आजी, तुम्ही बसा, आम्ही तुमच्या खालून काम करू!" सगळे खूष. त्याने एक नवी रंगवलेली इमारत दाखवली, सगळे रंग बघून आले. तिथं राहणाऱ्या एकालाही कुणी विचारलं नाही की बाबांनो, हा माणूस कसा आहे? काकूंनीही नाही. बैठकीत सगळ्यांच्या आधी हात वर झाला तो त्यांचाच.

काम सुरू झालं. काकूंचं मशीन खिडकीशी, आणि खिडकीसमोरच परांची. जुना गिलावा फोडायचा आवाज फार लवकर थांबला. एकदा त्यांनी मान वर केली, तर गवंडी आत्याबाईंच्या बाल्कनीच्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या सळईवर तसंच सिमेंट फासत होता. घासणं नाही, पुसणं नाही. त्याने काकूंकडे पाहिलं, काकूंनी त्याच्याकडे. आणि काकूंनी मान खाली घालून शिवण पुढं सरकवली.

बोलायचं कुठल्या तोंडानं? निवड आपली.  रंग लागला, सगळे वाहवा करत होते, आणि काकू येता-जाता आत्याबाईंची बाल्कनी बघत होत्या. बाल्कनी भिंतीला जिथं चिकटते, तिथं केसाएवढी रेघ दिसली.

"रंगाची आहे काकू," हसरा म्हणाला.

दोन दिवसांनी रेघ कोपऱ्यापर्यंत गेली. वर आत्याबाई पाय पसरून भाजी निवडत होत्या. 

मग हसऱ्याने सांगितलं, बाल्कन्यांखाली लावलेले टेकू काढतो, दुसऱ्या कामावर न्यायचेत. काकू तडक निघाल्या ते खडूस जिथं काम करत होता तिथं.

"आलात?" त्याने वर पाहिलंही नाही. "रंग उडाला का?"

काकूंनी रेघ सांगितली. मग त्याने हातातलं काम ठेवलं. "टेकू आहेत ना अजून? त्यांना हात लावू देऊ नका. म्हातारीला आत घ्या. मी हे उरकून येतोच."

काकू पळतच परतल्या. गेटातूनच ठोकण्याचा आवाज आला. बाल्कनीखालच्या पहिल्या टेकूची पाचर गवंडी हातोडीने काढत होता. अध्यक्ष शेजारी उभे राहून बघत होते.

"थांबवा!"

"काकू, संशयाला औषध नाही," अध्यक्ष हसले. "एवढं छान काम झालंय."

काकू सरळ बाल्कनीखाली घुसल्या आणि टेकूला दोन्ही हातांनी मिठी मारली. वरून बारीक माती त्यांच्या केसात पडली.  पळून जावं असं सगळं अंग सांगत होतं.

"काय गं, खांबाला का लोंबकळतेस? येड लागलं काय?" आत्याबाई कठड्यावरून वाकल्या.

"वाकू नका! आत्याबाई, आत जा!"

"मला हुकूम करतेस?"

"आतली सळई गंजलीय!" काकू किंचाळल्या. "न घासता झाकलीय. मी बघितलंय. मी डोळ्यांनी बघितलं आणि गप्प बसले!"

ठोकणं थांबलं. अध्यक्षांचं हसू विरलं. ते गुपचूप चार पावलं मागं सरकले, बाल्कनीच्या सावलीबाहेर.

"बायकांचं काय, काहीही दिसतं त्यांना," हसरा म्हणाला. "काढ रे तू."

गवंड्याने काकूंकडे पाहिलं, मग वरच्या रेघेकडे. हातोडी त्याने फिरवली, आणि निम्मी सुटलेली पाचर पुन्हा आत ठोकली. एक घाव, दोन घाव. प्रत्येक घावाला काकूंनी डोळे मिटले. "मी नाही काढत," तो हसऱ्याला म्हणाला. "खाली मला उभं राहावं लागतं, तुम्हाला नाही."

वर आत्याबाई बाल्कनीतून उठल्या होत्या. भाजीची परात तिथंच टाकून त्या आत गेल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी उलट उत्तर दिलं नसेल.

हसरा फोन कानाला लावून गेटाबाहेर गेला. खडूस अजून यायचा होता. आरडाओरड ऐकून खाली जमलेल्यांपैकी कुणीतरी काकूंना बाजूला ओढू लागलं, तरी त्यांची बोटं उलगडेनात.

"सगळ्याच बाल्कन्या ह्यांनीच केल्यात ना?" वरच्या सूनबाईंनी हळूच विचारलं.  एकेकाने मान वर करून आपापली बाल्कनी बघितली. मग सगळे वर गेले आणि बाल्कनीचं एकेक दार आतून लागायला लागलं, तिसऱ्या मजल्यावरचं, दुसऱ्यावरचं, शेवटी अध्यक्षांचं. वाळत घातलेले कपडे काढायलाही कुणी बाहेर पाऊल टाकलं नाही.