अळणी

आमच्या जुनवानी गावातल्या बोअरचं पाणी खारट. ते गोडं करायची मशीन बसवायला एक माणूस काही दिवस यायचा. मशीनमध्ये काजळीहून बारीक कार्बन थापलेल्या पट्ट्या होत्या. वीज लावली की त्या पाण्यातलं मीठ ओढून धरत. त्या हाताळून त्याची बोटं कायम काळी. मशीनमधून आलेलं पाणी तो डोळे मिटून, वरण चाखावं तसं चाखायचा आणि हळहळायचा, "अजून चव हाय."

एका दुपारी त्यानं आईला पेला दिला. पिऊन ती म्हणाली, "काहून रे बाबू, हे तं पार अळणी हाय!"

आमच्या घरात या शब्दावर स्वयंपाक करणाऱ्याचं तोंड उतरतं. तो मात्र नवरदेवासारखा लाजला.

"काकू, अजून एकदा म्हणा न."